डोंगरावरील रौप्यमहोत्सव
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या दांपत्य-मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या आनंदोत्सवातील आजची संध्याकाळ तुम्हां विवाहित दांपत्यांसाठी राखून ठेवण्यात आली आहे. उत्सव समितीने आम्हांस 'ख्रिस्ती विवाहाचे पावित्र्य' या विषयावर चार शब्द बोलण्याची विनंती केली. या विषयावर वेदीवरून आम्ही आजवर इतक्या वेळा बोललो आहोत की, आमचे वाक्य सुरू होताच त्याचा शेवट तुमच्यापैकी कित्येकांस ठाऊक असतो. यास्तव आज आम्ही प्रवचन न करता एका सहलीची हकीकत सांगणार आहोत. तीत आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही आहे. इतरांची कबुली ऐकण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या धर्मगुरूने क्वचित प्रसंगी ती देण्याचीही सवय ठेवावी, हे बरे. ज्या दांपत्याविषयी आम्ही बोलणार आहोत, त्या उभयतांची अनुमती आम्ही घेतली आहे. त्यांची नावे मात्र आम्ही सांगणार नाही, आणि तुम्ही अंदाज बांधीत बसू नये.

सन २००० हे ख्रिस्तजन्माच्या महाज्युबिलीचे वर्ष होते. त्या वर्षीच्या जानेवारीत, नाताळचा काळ संपून उपवासकाळ लागण्यापूर्वी, आपल्याकडे नेहमीप्रमाणे लग्नसराईची धांदल उडाली होती. त्या महिन्यात विवाहबद्ध झालेली पाच जोडपी आज आपल्या धर्मग्रामात नांदत आहेत. सन २०२५ च्या जानेवारीत त्यांच्या संसारास पंचवीस वर्षे भरली. योगायोग असा की, तेही ज्युबिलीचेच वर्ष होते, आणि 'आशेचे यात्रिक' हे त्या वर्षाचे बोधवाक्य होते.

आपल्या वसईत लग्नाचा रौप्यमहोत्सव कसा साजरा होतो, हे आम्ही तुम्हांस सांगावयास नको. मिस्सा होते, मग सभागृह, मांडव, बँड, केक आणि पाचशे पाने. आम्ही त्याची निंदा करीत नाही; त्या जेवणाचा आम्हीही पुष्कळदा आस्वाद घेतला आहे. परंतु त्या दिवशी नवराबायको सकाळपासून रात्रीपर्यंत पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली असतात, आणि ज्या दोघांचा तो दिवस त्या दोघांस एकमेकांशी दोन शब्द बोलण्यास सवड मिळत नाही, ही गोष्ट खरी आहे. या पाच जोडप्यांपैकी एका भगिनीने ही गोष्ट बोलून दाखविली आणि विचारले, "फादर, आम्ही दहा जणं कुठंतरी डोंगरावर गेलो तर?" आम्ही तत्काळ होकार दिला. ठरले ते कळसूबाईचे शिखर.

धर्मगुरूने डोंगर चढावा, हे कोणास विपरीत वाटत असेल तर त्याच्यासाठी एक दाखला देतो. पोप अकरावे पायस हे तरुणपणी, आकिले रात्ती या नावाचे एक विद्वान धर्मगुरू असताना, नामांकित गिर्यारोहक होते. सन १८८९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी आल्प्स पर्वतातील माँटे रोझा या हिमाच्छादित शिखराची अत्यंत बिकट अशी पूर्वेकडील बाजू एका मित्रासह व वाटाड्यांसह चढून पार केली, आणि शिखराजवळ उघड्या कड्यावर, कडाक्याच्या थंडीत, सर्वांनी रात्र काढली. सन १९२२ मध्ये ते पोपपदावर आरूढ झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी आल्प्सच्या खिंडीत वाटसरूंसाठी आश्रयस्थान उभारणाऱ्या संत बर्नार्ड यांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. डोंगर चढणे हे अविचाराने न करता विवेकाने केले तर देहास व आत्म्यास हितकारक आहे, असे त्यांचे मत होते. 'विवेकाने' हा शब्द तुम्ही ध्यानात ठेवावा. आम्ही त्या दिवशी नेमका तोच विसरलो.

कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर; उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. अकोले आणि इगतपुरी या दोन तालुक्यांच्या सीमेवर ते उभे आहे. पायथ्याशी बारी नावाचे गाव आहे. भिवंडीवरून कसारा घाट चढून इगतपुरी, पुढे घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. आपण समुद्रकाठची माणसे. आपल्या वाड्यांतून उभे राहिले तर तुंगारेश्वराचा डोंगर हाच आपणांस फार उंच वाटतो. तेव्हा एवढ्या उंचीची कल्पना आमच्यापैकी कोणासही नव्हती.

आदल्या संध्याकाळी आपल्या देवळात पाचही जोडप्यांसाठी आभाराची मिस्सा झाली, आणि पहाटे तीन वाजता आम्ही एका छोट्या बसने निघालो. पाच जोडपी, तरुण मंडळातील दोन मुलगे आणि आम्ही, असे तेरा जण होतो. शिधा म्हणून भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, आणि आपल्या वसईची सुकेळी. बसमध्ये जपमाळ झाली. घोटीस चहा झाला. बारीस पोहोचलो तेव्हा चांगलेच उजाडले होते. गावातील एक वाटाड्या सोबत घेतला; पण न्याहारी, गप्पा आणि छायाचित्रे यांत वेळ गेला, आणि चढण्यास साडेआठ वाजले. उन्हाच्या आधी निम्मी चढण मागे टाकावयाची, हा जाणत्यांचा नियम आम्ही पहिल्याच पायरीला मोडला.

आरंभी वाट शेतांतून जाते. भाताची कापणी कधीच उरकलेली, बांधांवर गवत पिवळे पडलेले. मग चढण लागते आणि ती काही केल्या सरत नाही. कड्याच्या अवघड जागी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. भाविकांची आणि सहलीला येणाऱ्यांची त्यांवरून सतत ये-जा असते. शिडी पक्की आहे. परंतु जिने आयुष्यात माडीच्या जिन्यापलीकडे काही चढले नाही, तिने पायांखालची दरी पाहिली म्हणजे छातीत धस्स होणारच.

आता त्या दांपत्याविषयी. ते गृहस्थ मुंबईस एका कचेरीत नोकरीस आहेत. पंचवीस वर्षे सकाळची गाडी पकडण्यासाठी अंधारात घर सोडावयाचे आणि दिवेलागणीनंतर परतावयाचे, हा त्यांचा क्रम. चालणे भरभर, उशीर त्यांस खपत नाही. पत्नीने घर सांभाळले, वाडी सांभाळली, सासूबाईंचे अखेरचे आजारपण काढले, दोन मुले शिकविली. गेली दोन वर्षे तिचे गुडघे दुखतात. ही गोष्ट तिने आम्हांस सांगितली नव्हती. पतीसही ती नीटशी ठाऊक नव्हती.

पहिली शिडी ती भीत भीत चढली. पुढच्या चढणीवर ती मागे पडू लागली. पती काही पावले पुढे जात, थांबत, घड्याळ पाहत, पुन्हा पुढे जात. पुढल्या शिडीच्या पायथ्याशी सावलीला एक झोपडीवजा दुकान होते. बारीच्या एक म्हाताऱ्या आजी तेथे लिंबाचे सरबत विकीत होत्या. ती तेथे दगडावर बसली आणि पतीस म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी येते मागून."

बंधुभगिनींनो, हे वाक्य तिने त्या दिवशी प्रथमच उच्चारले असे नव्हे. लग्नाच्या पंगतीला जाताना, मुलांच्या शाळेच्या समारंभाला जाताना, रविवारी देवळात येताना ती हेच म्हणत आली होती. आणि ते पुढे होत आले होते. त्या दिवशीही ते पुढे झाले.

आता आमची कबुली. आमच्या मागे उरलेली ती एकटीच होती. आम्ही धापा टाकीत त्या दुकानापाशी पोहोचलो, तो ती बसलेली दिसली. आम्ही विचारले, "काय, बरं आहे ना?" ती हसून म्हणाली, "बरं आहे, फादर. तुम्ही व्हा पुढं." आणि आम्हीही पुढे झालो. सोबतचे दोन्ही तरुण आणि वाटाड्या तेव्हा कधीच वर पोहोचले होते. बारीस निघतानाच आम्ही सर्वांस सांगितले होते की, ज्यास जमेल त्याने पुढे जावे, ज्यास जमणार नाही त्याने थांबावे. पंचवीस वर्षे एकत्र राहिलेल्यांचा उत्सव करावयास निघालेल्या धर्मगुरूने डोंगराच्या पायथ्याशीच त्यांस दुभंगण्याची परवानगी देऊन टाकली होती! हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही किती वेळा समजावून दिला असेल. आणि येथे मेंढपाळ स्वतः नव्याण्णवांच्या मागोमाग शिखराकडे निघाला होता.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. तेथे जरा थांबून आम्ही ती शिडी चढलो आणि माथ्यावर आलो. माथा लहानसा आहे. तेथे कळसूबाई देवीचे छोटे मंदिर आहे. तेथे आलेल्या भाविकांस अडथळा होऊ नये म्हणून आम्ही एका बाजूस कड्याजवळ बसलो. त्या दिवशी आकाश निरभ्र होते. दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय आरशासारखा चमकत होता. सन १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणाने तेथे प्रवरेचे पाणी अडविले आहे. त्यापलीकडे रतनगड, दूरवर हरिश्चंद्रगड. पश्चिमेस अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही दुर्ग एका रांगेत. परमेश्वराच्या हातची ती रचना पाहून आमच्या तोंडून शब्द फुटेना.

ठरल्याप्रमाणे येथे पाचही जोडप्यांनी एकमेकांचा हात धरून विवाहाच्या वचनांचे स्मरण करावयाचे होते. आम्ही पुस्तक उघडले. चार जोडपी हातात हात घेऊन उभी राहिली. पाचवे गृहस्थ एकटेच उभे होते. त्यांनी एकदा शिडीकडे पाहिले, आणि अगदी हळू आवाजात विचारले, "फादर, मी वचन कुणाचा हात धरून देऊ?"

आम्ही पुस्तक मिटले. त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आणि तो प्रश्न जितका त्यांचा होता तितकाच आमचा होता. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग एक गृहस्थ म्हणाले, "एवढे चढून आलो आहोत, तर चौघांचं तरी होऊन जाऊ द्या." त्यांच्या पत्नीने त्यांच्याकडे नुसते पाहिले, पदर खोचला आणि ती शिडीकडे चालू लागली. तिच्यामागून सर्वजण निघाले.

आम्ही तेरावरून बारा झालेले पुन्हा त्या दुकानापाशी उतरलो. तुम्हांस वाटेल की, आम्हांस पाहून त्या भगिनीस आनंद झाला असेल. तसे झाले नाही. तिला रडू आले आणि रागही आला. ती म्हणाली, "सगळे माझ्यासाठी खाली आलात? आता आयुष्यभर ऐकावं लागेल, हिच्यामुळं राहिलं म्हणून." पती तिच्याशेजारी दगडावर बसले. डब्यातील सुकेळी त्यांनी वर खाल्ली नव्हती. ती त्यांनी तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "वर बघण्यासारखं खूप होतं. पण दाखवायला कोणी नव्हतं." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मागं वळून बघितलं नाही. पण मीही हाक मारली नाही. गुडघ्याचं तुम्हांला सांगायलाच हवं होतं."

हे दुसरे वाक्य आम्हांस फार मोलाचे वाटते. पुढे जाणाऱ्याचा दोष चटकन दिसतो, आणि आपण त्याला बोल लावून मोकळे होतो. परंतु मागे राहून मुकाट सोसणे, 'मी येते मागून' म्हणत दुखणे लपविणे, आणि मनात मात्र वर्षांचा हिशेब ठेवणे, हाही प्रीतीतील एक उणेपणाच होय. पुढे जाणाऱ्याने वळून पाहावे; मागे राहणाऱ्याने हाक मारावी. यांपैकी एकाने जरी आपले काम केले, तरी अंतर फार वाढत नाही.

त्या आजींच्या दुकानापुढे, अर्ध्या डोंगरावर, पाच जोडप्यांनी वचनांचे स्मरण केले. आजींनी आमच्या सगळ्या प्रार्थना समजल्याप्रमाणे हात जोडले आणि नंतर प्रत्येक जोडप्यास एक एक पेला सरबत पाजले. पैसे म्हणाल तर पाचांपैकी एकाच पेल्याचे घेतले. सभागृहातल्या कोणत्याही मेजवानीहून ते पान अधिक गोड होते.

उतरताना आम्ही क्रम बदलला. जिची चाल सर्वांत हळू ती सर्वांच्या पुढे, आणि बाकी सर्व तिच्या मागे. पती तिच्या एक पायरी खाली राहून शिडीवर तिचे पाऊल हाताने नेमक्या जागी ठेवीत होते. अर्थात वेळ फार लागला. शेवटची वाट विजेरीच्या प्रकाशात संपवावी लागली, आणि वसईस परतावयास मध्यरात्र झाली. परंतु कोणी मागे राहिले नाही, आणि कोणाच्या पायास साधे खरचटलेही नाही.

जुन्या करारात, उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात, एक लहानसा प्रसंग आहे. दोघे भाऊ, एसाव आणि याकोब, वीस वर्षांच्या वैरानंतर भेटतात. एसाव म्हणतो, चल, आपण बरोबर जाऊ. याकोब नम्रपणे नकार देतो. आपल्याबरोबर लहान मुले आहेत, दुभती गुरे आहेत. त्यांस एक दिवस जरी जोराने हाकले तरी ती मरतील, म्हणून मुलांना आणि गुरांना झेपेल तशा चालीने आपण सावकाश येऊ, असे तो सांगतो. याकोब आपल्या तरुणपणी काही सावकाश चालणारा मनुष्य नव्हता. भावाचा आशीर्वाद त्याने कपटाने पळविला होता. परंतु देवाशी रात्रभर झुंज दिल्यानंतर तो लंगडू लागला, आणि लगेच या प्रसंगात तो इतरांची चाल ओळखून चालतो. आमच्या मते, संसारात शिकावयाची विद्या ती हीच.

आणि पाहा, ज्या गिर्यारोहक पोपमहाराजांचा आम्ही आरंभी उल्लेख केला, त्यांनीच सन १९३० च्या अखेरच्या दिवशी ख्रिस्ती विवाहावर आपले सुप्रसिद्ध पत्र संपूर्ण ख्रिस्तसभेस लिहिले. पती-पत्नींनी एकमेकांस अंतःकरणाने घडवावे, दिवसेंदिवस सद्गुणांत एकमेकांस पुढे न्यावे, हाही एका व्यापक अर्थाने विवाहाचा मुख्य हेतूच होय, असे त्यांनी त्यात शिकविले आहे. डोंगरावर एका दोरीने बांधून घेतलेल्या मनुष्यास हे निराळे शिकवावे लागत नसावे. दोरी असेपर्यंत सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीनेच सगळ्यांस चालावे लागते. पुढचा घाई करील तर मागचा पडतो, आणि मागचा पडला की पुढचाही राहत नाही. विवाहाच्या दिवशी देवाने तुम्हां उभयतांस अशाच दोरीने बांधले आहे. ती सोडून अधिक उंच जाता येईल, असे ज्यास वाटते, त्याने शिखरावर एकटे उभे राहून पाहावे.

आता ज्यांस असा उत्सव करावयाचा असेल, त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची वचने सांगतो. पहिल्याने पावसाळ्यात जाऊ नये. शिड्या निसरड्या होतात, धुके दाटते, आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीही फार असते. हिवाळा उत्तम. चढण्यास उजाडताच आरंभ करावा. चपला नकोत, घट्ट, खडबडीत तळव्याचे बूट हवेत. प्रत्येकाने पाणी स्वतंत्र बाळगावे आणि विजेरी जवळ ठेवावी. गुडघे, छाती, रक्तदाब यांचे दुखणे असल्यास ते निघण्यापूर्वी सांगावे. लाज धरू नये. गावातला वाटाड्या घ्यावा, आणि बरोबरच्या मंडळींतला एक खंबीर मनुष्य सर्वांच्या मागे राहील अशी व्यवस्था आधीच करावी. परतण्याची वेळ ठरवावी आणि ती झाली की, शिखर चार पावलांवर असले तरी वळावे. डोंगर पुढल्या वर्षीही तेथेच असतो.

कोणी विचारील, ते दोघे पुढे शिखरावर गेले का? नाही. तिच्या गुडघ्यांवर उपचार चालू आहेत. वैद्यांनी अद्याप चढण्याची परवानगी दिलेली नाही, आणि कदाचित देणारही नाहीत. पण गेल्या काही महिन्यांपासून आम्ही एक गोष्ट पाहत आहोत. रविवारी सकाळच्या मिस्सेला आम्ही देवळाच्या दाराशी उभे असतो. पूर्वी ते गृहस्थ घंटेच्या आधी येऊन बसत आणि ती अर्धी प्रार्थना झाल्यावर येई. हल्ली दोघेही एकदमच येतात. आणि खरे सांगावयाचे तर, दोघेही थोडे उशिरा येतात. धर्मगुरू या नात्याने उशिरा येणाऱ्यांस दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. त्या दोघांस मात्र आम्ही आजवर काही बोललेलो नाही.

प्रिय दांपत्यांनो, आपले देऊळ पन्नास वर्षांचे झाले. या देवळात ज्यांनी एकमेकांस वचन दिले त्यांपैकी कित्येकजण आज आजोबा-आजी आहेत. कित्येकांचा जोडीदार प्रभूच्या घरी पुढे गेला आहे, आणि ते मागून येत आहेत. त्यांचे स्मरण आज आपण विशेष प्रेमाने करू या. जो पुढे गेला आहे, तो त्या दारात वळून पाहत असेल, अशी आमची श्रद्धा आहे.

आज घरी जाताना एवढेच करा. देवळापासून तुमच्या घरापर्यंतची वाट दोघांनी बरोबर चाला; ज्याची चाल हळू, त्याच्या चालीने. वाटेत काही बोला, किंवा बोलू नका. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाची मध्यस्थी तुम्हांस लाभो, आणि सर्वसमर्थ परमेश्वर, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तुमच्या जाण्यायेण्यास आशीर्वाद देवो. आमेन.